भूतकथेतही पुरावा मागता येतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात गेल्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं होतं. हल्लीची मुलं परदेशी चित्रकथा वाचतात, त्यांत विज्ञानाच्या नावाखाली भुतंखेतं घुसवलेली असतात आणि या सरमिसळीमुळे मुलांच्या वैज्ञानिक दृष्टीचा पायाच खचतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पत्र तळमळीनं लिहिलेलं होतं, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. अकरावीची नवी तुकडी आली की पोटॅशियम परमँगनेटच्या पुडीवर ग्लिसरीन टाकून, हात न लावता, काडी न ओढता आग पेटवून दाखवते. मग तीच आग मुलांना स्वतःच्या हातानं पेटवायला लावते. अंधश्रद्धेची काळजी मलाही तेवढीच आहे. पण या बाबतीत माझं मत त्यांच्या अगदी उलट आहे, आणि ते ज्या चित्रकथेमुळे पक्कं झालं तिच्याबद्दल इथे लिहिते आहे.

तिचं नाव 'गिडियन फॉल्स'. अमेरिकेतल्या इमेज कॉमिक्सनं 2018च्या मार्चमध्ये ती सुरू केली आणि 2020च्या अखेरीस 27व्या अंकाबरोबर संपवली. म्हणजे जगाच्या हिशेबानं अगदी ताजी नाही, पण मला ती आत्ता सापडली. बारावीतल्या एका विद्यार्थ्यानं प्रॅक्टिकल संपल्यावर पहिला खंड माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, पुढे यातली माणसं एका जगातून दुसऱ्या जगात जातात. फिजिक्सच्या हिशेबानं हे चालतं का?" वाचल्याशिवाय उत्तर देणार नाही असं सांगून मी पुस्तक घरी नेलं. पुढचे खंड त्याच्याकडे मागून मागून वाचले.

कथेची सुरुवात दोन ठिकाणी होते. एका मोठ्या शहरात नॉर्टन नावाचा एकलकोंडा तरुण राहतो. तोंडावर मास्क लावून तो शहराचा कचरा धुंडाळतो आणि त्यातून लाकडाच्या ढलप्या आणि गंजके खिळे वेचतो. हे सगळे तुकडे एकाच वास्तूचे आहेत, एका काळ्या कोठाराचे, अशी त्याची खात्री आहे. दुसरीकडे गिडियन फॉल्स नावाच्या खेड्यात फादर फ्रेड हा कॅथलिक धर्मगुरू नव्यानं रुजू होतो. आधीचे धर्मगुरू वारलेले असतात. फ्रेडची श्रद्धा डळमळीत झालेली, मागे दारूचं व्यसन, आणि आल्याच रात्री गावात खून. त्या रात्री शेतात त्यालाही एक काळं कोठार दिसतं, आतून लाल उजेड येत असलेलं. सकाळी तिथे काहीच नसतं.

या दोघांची गाठ पडलेली नाही. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला इथे लगेच ताठ बसावं लागतं. एकट्या नॉर्टनलाच कोठार दिसत असतं तर तो त्याचा भ्रम म्हणून आपण सोडून दिला असता, आणि त्याच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. शू यांचं तेच मत आहे. त्या त्याला औषध देतात, ऐकून घेतात, त्याची थट्टा करत नाहीत. त्यांची भूमिका समंजस आहे आणि लेखकानंही त्यांना मूर्ख किंवा कठोर दाखवलेलं नाही. पण वाचकाकडे एक माहिती आहे जी डॉक्टरांकडे नाही: दूरच्या गावात एका दुसऱ्याच माणसानं तीच वस्तू पाहिली आहे. स्वतंत्र निरीक्षकाची नोंद! वर्गात आम्ही 'प्रयोग दुसऱ्याला करता आला पाहिजे' हे वाक्य इतक्या वेळा म्हणतो की त्यातली धार बोथट होऊन जाते. इथे त्या एका तत्त्वावर भीती उभी केली आहे. दुसरी नोंद येते तेव्हाच अंगावर काटा येतो, पहिली येते तेव्हा नाही.

पुढे डॉक्टरांनाही ते कोठार दिसतं. त्या प्रसंगाचं वर्णन करत नाही, वाचणाऱ्यांसाठी तो राहू द्यावा. एवढंच सांगते की आपलं निदान चुकलं असेल ही शक्यता मान्य करताना त्यांचा चेहरा ज्या पद्धतीनं काढला आहे, त्यात प्रामाणिक शास्त्रज्ञाचं सगळं दुःख आहे. निदान बदलणं त्यांना सोपं जात नाही. जाऊही नये.

खेड्यात आणखी एक म्हातारे डॉक्टर आहेत, डॉ. सटन. कोठाराच्या जुन्या नोंदींचा माग काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे आणि गावानं त्यांना केव्हाच वेड्यात काढलं आहे. त्यांची मुलगी क्लारा गावची पोलीस अधिकारी. ती वडिलांवर चिडलेली आहे, कारण या ध्यासानं तिच्या घराची वाताहत केली आहे. मला या बापलेकींचे प्रसंग सगळ्यांत जास्त आवडले. पुरावा गोळा करणाऱ्या माणसाच्या घरच्यांना काय सोसावं लागतं हे कथा-कादंबऱ्यांत फारसं येत नाही. आणि क्लाराची मागणी पोलिसाची आहे: मला ठोस काहीतरी दाखवा. ती मागणी कथेत कुणीही हास्यास्पद ठरवत नाही.

त्या पत्रलेखकांना मला हेच सांगायचं आहे. अंधश्रद्धा भुतामुळे येत नाही, प्रश्न विचारायची मनाई झाली की येते. बाबा सांगतो तेव्हा भक्तानं तपासायचं नसतं. तपासायला गेला की श्रद्धा कमी पडली असं त्याला ऐकवलं जातं. या कथेत एकही माणूस न तपासता कशावर विश्वास ठेवत नाही. धर्मगुरूसुद्धा नाही. जो तो काही ना काही जमवतो, जुळवतो, दुसऱ्याला दाखवतो, दुसरा शंका घेतो. वस्तू अतिमानुष आहे, पण तिच्याकडे जाण्याची वाट निरीक्षणाची आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं अशी गोष्ट वाचली तर त्याची चिकित्सक वृत्ती कमी होईल असं मला कुठल्याही अंगानं दिसत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्यानं पुस्तक मिटल्यावर सगळ्यांत आधी काय केलं? 'हे शक्य आहे का' असं येऊन विचारलं.

त्याला मी दिलेलं उत्तर थोडक्यात सांगते. अनेक जगांची कल्पना भौतिकशास्त्रात आहे. ह्यू एव्हरेट या तरुणानं 1957 साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात ती मांडली. क्वांटम यांत्रिकीत, म्हणजे अणू आणि त्याहून सूक्ष्म कणांच्या शास्त्रात, मोजमाप केल्यावर अनेक शक्यतांपैकी एकच उरते, बाकीच्या नाहीशा होतात, असं मानलं जाई. एव्हरेट म्हणाला, नाहीशा का व्हाव्यात? समीकरण तर तसं सांगत नाही. सगळ्याच शक्यता टिकतात, प्रत्येक शक्यता जणू जगाची एक वेगळी फांदी, आणि आपण त्यांतल्या एका फांदीवर असतो. त्या वेळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1970मध्ये ब्राइस डेविट या भौतिकशास्त्रज्ञानं ही कल्पना पुन्हा पुढे आणली तेव्हा ती सगळीकडे पोचली. आजही ती सर्वमान्य नाही, पण गंभीरपणे अभ्यासली जाते. मात्र त्याच समीकरणाप्रमाणे एका फांदीवरून दुसरीवर जाता येत नाही, निरोपही धाडता येत नाही. चित्रकथेतलं यंत्र माणसांना या जगातून त्या जगात नेतं, तिथे लेखकानं भौतिकशास्त्राचा हात सोडला आहे. मी हे सांगितल्यावर मुलगा नाराज झाला नाही. त्यानं विचारलं, "मग समीकरणच अपुरं असेल तर?" पुढचा अर्धा तास आम्ही त्यावर बोललो. पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर असा अर्धा तास क्वचित मिळतो.

भीती आणि विज्ञान यांचं वैर नाही हे काही या मालिकेनंच पहिल्यांदा दाखवलं असं नाही. याहून जुनं आणि माझ्या मते याहून सरस उदाहरण 'स्वॅम्प थिंग' या अमेरिकी भयचित्रकथेच्या 21व्या अंकाचं आहे. फेब्रुवारी 1984ची तारीख असलेला हा अंक अॅलन मूर यांनी लिहिला, चित्रं स्टीफन बिसेट आणि जॉन टॉटलबेन यांची. तोवर वाचकांची समजूत अशी की अॅलेक हॉलंड हा शास्त्रज्ञ स्फोटात सापडून दलदलीत पडला आणि त्याचा वनस्पतीमय राक्षस झाला. या अंकात त्या राक्षसाचं शवविच्छेदन होतं. फुप्फुसासारखं दिसणारं काहीतरी सापडतं, पण ते श्वास घेऊ शकणार नाही. मेंदूच्या आकाराचा गोळा सापडतो, पण त्यानं विचार होणं अशक्य. मग हे अवयव आहेत कशासाठी? उत्तरासाठी विच्छेदन करणारा शास्त्रज्ञ प्लॅनेरिया या चपट्या कृमींवरच्या प्रयोगाचा दाखला देतो. हा प्रयोग खरोखर झाला होता. जेम्स मॅककॉनेल यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला शिकवलेल्या कृमींचे तुकडे न शिकलेल्या कृमींना खायला घातले आणि खाणाऱ्यांना ते शिक्षण मिळालं असा दावा केला. इतर प्रयोगशाळांत तो दावा टिकला नाही, पण कथेनं त्यातून काढलेला निष्कर्ष भयंकर आहे: हा हॉलंड नव्हेच. दलदलीतल्या वनस्पतींनी त्याचं प्रेत खाल्लं आणि त्यांना वाटू लागलं की आपणच हॉलंड आहोत. स्पष्टीकरण मिळालं की भय जातं, असं आपण धरून चालतो. इथे स्पष्टीकरण मिळतं आणि भय दुप्पट होतं, करुणेसह.

त्या पत्रात आणखी एक वाक्य होतं, अशा पुस्तकांचा मुलांच्या मनावर वाईट परिणाम होतो हे 'सिद्ध' झाल्याचं. सिद्ध कुणी केलं हे पत्रात नव्हतं. पण या दाव्याचा एक इतिहास आहे आणि तो आपल्या वाचकांपुढे यायला हवा. 1954 साली फ्रेडरिक वर्थम या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या दवाखान्यात आलेल्या मुलांचे दाखले देऊन कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता करून घेतली. नावात 'हॉरर' किंवा 'टेरर' हे शब्द नकोत. चालतीफिरती प्रेतं नकोत, रक्तपिपासू पिशाच्चं नकोत, नरलांडगे नकोत. भयकथा छापणाऱ्या ईसी या कंपनीच्या मासिकांचा त्यात बळी गेला.

आणि केवळ भयकथांचा नाही. ईसीची विज्ञानकथांची मासिकंही होती. 1953मध्ये त्यांनी एक कथा छापली होती: पृथ्वीवरून आलेला अंतराळवीर यंत्रमानवांच्या एका ग्रहाची तपासणी करतो. तिथे नारिंगी यंत्रमानव निळ्यांना खालच्या दर्जाचे समजतात, वास्तविक आतली जुळणी दोघांची एकच. तो त्यांना नापास करून परत निघतो, यानात शिरस्त्राण काढतो आणि शेवटच्या चौकटीत कळतं की तो कृष्णवर्णीय आहे. 1956मध्ये ही कथा पुन्हा छापायची होती तेव्हा आचारसंहितेच्या अधिकाऱ्यानं हरकत घेतली, अंतराळवीर कृष्णवर्णीय नको म्हणून. प्रकाशक विल्यम गेन्स अडून बसले आणि कथा बदल न करता छापली गेली. भुतांपासून मुलांना वाचवायला निघालेली संहिता दोनच वर्षांत कुठवर पोचली होती, ते यात दिसतं.

राहिला वर्थम यांचा पुरावा. त्यांची कागदपत्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये होती. 2010मध्ये ती अभ्यासकांसाठी खुली झाली. इलिनॉय विद्यापीठातल्या कॅरल टिली यांनी मूळ टिपणं आणि छापील पुस्तक शेजारी ठेवून ताडून पाहिलं. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दाखवलं आहे की वर्थम यांनी मुलांचे जबाब फिरवले होते, अडचणीचे तपशील गाळले होते, नको ते जोडले होते. म्हणजे चित्रकथा मुलांची विवेकबुद्धी मारतात असं सांगणाऱ्यानंच पुराव्याशी खेळ केला, आणि तो खेळ कळायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला. मी वर्गात हे प्रकरण सांगते. वैज्ञानिक दृष्टिकोन कशाला म्हणतात हे समजावायला मला याहून चांगलं उदाहरण अजून सापडलेलं नाही.

याचा अर्थ 'गिडियन फॉल्स' निर्दोष आहे असा नाही. 6 खंडांत ती पुस्तकरूपानं आहे. त्यांतले पहिले दोन उत्तम आहेत, तिसऱ्यापासून माझी तक्रार सुरू होते. एका जगातून दुसऱ्यात नेणारं यंत्र कथेत आलं की आपण विचारणार, हे काय करू शकतं आणि काय करू शकत नाही? विज्ञानकथेचा कस या दुसऱ्या प्रश्नात लागतो. लेखकानं यंत्राला मर्यादाच घालून दिल्या नाहीत, त्यामुळे संकट आलं की ते यंत्र सोयीनं चालतं आणि सोयीनं अडतं. वेगवेगळी जगं दिसतात, त्यांतलं एखादं घोड्यांचं आणि बंदुकांचं, एखादं वाफेवर चालणारं, पण आपण तिथे रमतो न रमतो तोच पान पुढे निघालेलं असतं. पहिल्या भागातली सावकाश, संशयानं भरलेली चाल मला हवी होती. शेवटचा मोठा अंक ती काही अंशी परत आणतो. माणसांचा शेवट त्यानं नीट केला आहे, कोड्याचा तितका नीट नाही.

चित्रांबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. छापील पानावर भीती दाखवणं अवघड असतं. सिनेमात अचानक आवाज करता येतो. पुस्तकात वाचकाची नजर दोन्ही पानांवर आधीच फिरून आलेली असते, त्याला दचकवणार कसं? त्यासाठी चित्रकाराच्या हातात एकच जागा असते, पान उलटण्याची. उजव्या पानाच्या तळाशी प्रश्न ठेवायचा आणि उत्तर उलटल्यावर डाव्या पानावर द्यायचं. आंद्रेआ सोरेन्तिनो यांनी ती जागा फार विचारपूर्वक वापरली आहे. कोठार जवळ येऊ लागलं की चौकटींची शिस्त मोडते. त्या तिरप्या होतात, उलट्या होतात, शेकडो बारीक तुकड्यांत फुटतात, आणि वाचताना पुस्तक हातात फिरवून धरावं लागतं. मोठ्या चित्रावर छोट्या चौकटी टाकून ते एखादा तपशील वेगळा काढून दाखवतात, खिळा, डोळा, दाराची फट. भिंगाखाली नमुना पाहावा तसं आपण पाहतो. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की ही मालिका कागदावर वाचा. मोबाइलवर एकेक चौकट सुटी सरकत आली तर निम्मी कथा हरवते, कारण इथे पानाची मांडणी हाच कथेचा भाग आहे.

वयाबद्दलही स्पष्ट लिहिते. ही लहान मुलांची पुस्तकं नाहीत. त्यांत खून आहेत, रक्त आहे, मानसिक आजार आहे. साधारण सोळाच्या आत देऊ नयेत आणि दिल्यावर मुलांशी बोलावं, असं मला वाटतं. नॉर्टनच्या आजाराबद्दल तर नक्कीच बोलावं, कारण कथेत त्याचं म्हणणं खरं निघतं म्हणून औषध सोडणं शहाणपणाचं ठरत नाही. माझ्या विद्यार्थ्याशी या मुद्द्यावर मी मुद्दाम बोलले. त्याला तो फरक आधीच कळलेला होता.

आता एक मागणी आपल्याकडे, संपादक महाशय. आपल्या पुरवणीत कादंबऱ्यांची, कवितासंग्रहांची, आत्मचरित्रांची परीक्षणं येतात आणि मी ती वाचते. चित्रकथांचं परीक्षण येत नाही. त्यांचा उल्लेख होतो तो मुलांच्या सुटीतल्या उद्योगांच्या यादीत, नाहीतर गेल्या आठवड्यातल्यासारख्या काळजीच्या पत्रात. महिन्यातून एकदा एक स्तंभ या प्रकाराला द्यावा. लिहिणारा चित्रं वाचता येणारा असावा, कथानकाचा सारांश देऊन थांबणारा नको. आणि परीक्षणाच्या वर फक्त लेखकाचं नाव छापू नये. या मालिकेची कथा जेफ लेमायर यांची आहे, पण चित्रं सोरेन्तिनो यांची, त्या कोठाराला त्याचा लाल देणारे रंग डेव्ह स्ट्युअर्ट यांचे, आणि संवादांचे फुगे व त्यांतली अक्षरं स्टीव्ह वँड्स यांची. चौघांचीही नावं छापावीत.

आपली नियमित वाचक,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका